मर्यादेबाहेरचा बेहडा

वस्त्रगाळ धुकं, हळदुलं ऊन, आणि त्या दोहोंच्या मधोमध, डोंगराच्या ओच्यात, जाखमातेची राई.

घनगर्द, घनमौन, घनश्यामल. बेहड्यांची, किंजळींची, सातविणींची राई. गारंबीचे वेल एका झाडाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेले, जत्रेत हात न सोडणाऱ्या बहिणींसारखे. वरच्या पानावरून थेंब सुटतो तो खालच्या पानावर, तिथून त्याच्याही खालच्या. मातीला शिवेपर्यंत एकाच थेंबाची किती आचमनं होतात, ते तिचं तिला ठाऊक.

मार्गशीर्षातली अशी सकाळ, अशी स्नानशुचि, अशी नैवेद्यासारखी मांडलेली. आणि ही राई तोडायचं ठरलं होतं. हळू आवाजात म्हटलं म्हणून शब्द काही मवाळ होत नाही. तोडायचं.

कशासाठी, तर हवा शुद्ध करण्यासाठी. शहरातली एक कंपनी इथे झपाट्याने वाढणारी रोपं लावणार होती. हवेतला कर्ब ती रोपं गिळतील, पोटात साठवतील, आणि कंपनीच्या नावावर पुण्य जमा होईल. त्यासाठी जागा हवी ती झुडपांची, जिथे आज कर्ब थोडाच आहे अशी. आणि संगणक म्हणत होता, जाखमातेच्या डोंगरावर मध्यभागी आहे ते विरळ झुडूप.

त्या संगणकाला बोलायला शिकवलं होतं शर्वरी टिळेकरने. पुण्याच्या संस्थेतली, पस्तिशीची, चष्म्याआड शांत डोळ्यांची शर्वरी. झाड कसं वाढतं, कसं जून होतं, कसं कोसळतं, त्याची सगळी सूत्रं तिने एकात एक ओवली होती. तिच्या पडद्यावर चाळीस वर्षं चाळीस क्षणांत उलगडत. अंकुरांचे वृक्ष होत, वृक्षांचं अरण्य होई, आणि ते पाहताना प्रत्येक वेळी तिचे हात नकळत जुळत.

त्या गुरुवारी ती शाळेच्या पडवीत नकाशा दाखवायला आली होती. गावाला दाखवायचा, संध्याकाळपर्यंत अहवाल धाडायचा, एवढंच. रीत म्हणून.

पडद्यापाशी सर्वांत जवळ बसली होती द्वारका गुरव. एकतीस वर्षं रोज राईत दिवा लावणारी. आज गुरुवारचा उपास, कपाळावर ओलं कुंकू, मांडीवर कापसाचा पेळू आणि सूत काढायची चाती.

"आमची राई कंची ह्यातली?"

शर्वरीने बोट ठेवलं. भोवती हिरवा पदर, आणि मधोमध फिकट, पिवळट, रुग्ण चौकोन.

"पिवळी?"

"म्हणजे विरळ झुडूप, काकी. मोठी झाडं नाहीत तिथे, असं दिसतंय."

"कोनाला दिसतंय?"

चाती थांबली.

"वैशाखात मोजणीला माणसं आली होती ना?" शर्वरीने विचारलं.

"आलीवती. दोघं. पायात ह्ये ढोपरापतूर चामड्याचे बूट. आमी म्हटलं, चामडं नि लोखंड भायेर ठेवा, मग खुशाल आत जा. तर म्हनाले, काटे लागतील. कडेची कारवीची झुडपं मोजली, माझ्या हातचं ताक प्याले नि गेले. बाय, ज्यांनी तळपायाला येवढं जपलं, ते झाडाला काय जपतील? आमच्या मातेला झुडपात बसवलीत तुमी."

मागे कुणीतरी हसलं. शर्वरी हसली नाही. तिला आपलंच एक सूत्र आठवलं होतं. जिथली मोजणी नाही, तो चौकोन रिकामा ठेवायचा नाही; शेजारच्या चौकोनाचा आकडा त्यात भरायचा. कडेला कारवी, म्हणून गाभ्यातही कारवी. उंबरठ्यावरून परतायचं आणि गाभाऱ्यात देव नाही असं लिहून द्यायचं, तसं.

द्वारकाकाकीबरोबर राईकडे निघताना तिने सँडल काढले. पोलादी टेपही पायरीवर ठेवला.

राईत पाऊल पडलं आणि पाऊल बुडालं. कुजत्या, कोवळ्या, कोमट पानांत घोट्यापर्यंत. प्रकाश हिरवा, श्वास हिरवा, शांतताही हिरवी. आणि समोर बेहडा. बेहडा कसला, उभं राहिलेलं शतक. नव्हे, एकमेकांना मिठी मारून उभी राहिलेली शतकं. शेवाळवस्त्र, वल्कलवृद्ध, पक्षिपूर्ण. त्याच्या मुळांच्या भिंतींआड माणूस बसला तर दिसू नये.

द्वारकाकाकीने वातीसाठी काढलेलं सूत सोडलं. लोखंड चालत नाही, सूत चालतं. दोघींनी छातीच्या उंचीवर ते झाडाभोवती नेलं. एक डावीकडून, एक उजवीकडून. बराच वेळ एकमेकींना दिसल्याच नाहीत. मग खरबरीत सालीवर बोटांना बोटं भेटली, आणि शर्वरीने सुताला गाठ मारली.

अशी अकरा झाडं. अकरा सुतं, अकरा गाठी.

पडवीत परतून तिने बेहड्याचं सूत टेपावर धरलं. सात मीटर चाळीस. ते तिने संगणकाला सांगितलं. संगणक क्षणभर थांबला, आणि थंडपणे त्याने लिहिलं: मर्यादेबाहेर. मूल्य वगळले. शेजारचा आकडा भरला.

दुसरं झाड. वगळले. तिसरं. वगळले. अकराच्या अकरा. पिवळा चौकोन पिवळाच.

घेराची ही मर्यादाही तिचीच. दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, चहाचा कप हातात असताना तिने घातलेली. एवढं मोठं झाड कुठे असतं, असं मनात म्हणत.

तिने विभागप्रमुखांना फोन लावला. ते समजुतीच्या सुरात बोलले. "शर्वरी, ती मर्यादा राहू दे. आज तिथला कर्ब कमी दिसला, तरच लागवडीचा फायदा मोठा दिसणार. कंपनी त्यासाठीच तर आलीय. आणि हे बघ, मर्यादा तूच घातली होतीस."

तिने फोन ठेवला. राग आधी त्यांचा आला. त्या गोड, गुळगुळीत, गुन्हेगार स्वराचा. मग बुटांचा. मग तो वळला आणि घरी आला, स्वतःच्या अंगणात. आपण अरण्य रचलं आणि एकदाही अनवाणी झालो नाही. आपण पडद्याला हात जोडले. कशाला जोडले? झाडं वाढताना पाहून डोळे भरले, आणि वाढून उभं राहिलेलं झाड दारात आलं, तर आपणच दार लावून घेतलं.

द्वारकाकाकीने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज चढला नाही. तिचा चढत नसेच.

"आज गुरुवार. आज तोंडातून वाईट शब्द काढायचा नाय, हा माझा नेम. नायतर त्या मानसाला मी चांगलं ऐकवलं असतं." तिने चाती पुन्हा हातात घेतली. "माझा तर उपास हाय. तुमी द्या त्याला शिवी."

शर्वरीने संगणक जवळ ओढला. मर्यादा पुसली. शेजारचा आकडा उचलायचं सूत्र पुसलं. अकरा झाडं तेवढी नोंदीत राहिली, पण अकरावरून राईचा आकडा निघत नाही, आणि राईतल्या बाकीच्या हजारोंबद्दल तिने काहीच सांगितलं नाही, कारण तिला काहीच माहीत नव्हतं. अशा ठिकाणी आकडा नसला की तोडीच्या परवानगीचा कागद हलत नाही, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं.

अहवालात तिने चार वाक्यं लिहिली. ही राई आम्ही मोजलेली नाही. झुडूप हा शब्द खोटा आहे आणि तो माझ्या चुकीने आला आहे. येथे कोणताही आकडा धरू नये. मोजायचीच असेल, तर अनवाणी यावे लागेल.

खाली आपलं नाव घातलं, पूर्ण नाव, आणि धाडून दिलं.

थोड्याच वेळात फोन वाजू लागला. वाजत राहिला. तिने तो उचलला नाही. पडद्यावर पिवळा चौकोन विरत गेला, आणि हिरव्याच्या मधोमध उरली एक पांढरी जागा. अंकहीन, अनुत्तर, अढळ. आगीत धातू, तसाच राग, आधी लाल होतो, मग केशरी होतो, आणि अगदी शेवटी, सोसण्याच्या पलीकडे तापला, की होतो असा पांढरा. असा शुभ्र. असा शांत.