सोडून जाण्याचं कारण

अंबुबाईनं पुढच्या दाराची कडी जोरात वाजवली. या घरी स्वयंपाकाला होती तोवर ती मागच्या दारानंच यायची.

मथुराबाईंनी दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते.

"आलीस? आई कशी आहे तुझी?"

सकाळपासून मनात जुळवलेलं भांडण अंबुबाईच्या ओठांवरच थांबलं.

मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकाची जागा तिला मिळाल्यासारखीच होती. अधीक्षिकांनी फक्त जुन्या घरी चौकशी केली, आणि मथुराबाईंनी सांगितलं, अंबूनं काम सोडलेलंच नाही. आई आजारी म्हणून मीच तिला सांगोल्याला पाठवलंय. दुसऱ्याची बाई आम्ही ठेवत नाही, म्हणत अधीक्षिकांनी तिला परत पाठवलं.

"आई गेली, आक्का. तुमाला ठावं हाय की."

मथुराबाईंनी चौकट धरली.

बहात्तरच्या दुष्काळात अंबुबाई सोलापुरात आली, तेव्हापासून याच घरी होती. यंदा आईचा निरोप आला तेव्हा घरात पाहुणे होते. ते गेले की जा, असं मथुराबाई म्हणाल्या. अंबुबाई गावी पोचली तोवर आईची माती होऊन गेली होती. नंतर ती इथं आली ती फक्त आपली लुगडी न्यायला.

"ठाऊक आहे," मथुराबाई म्हणाल्या. "त्या बाईंनी विचारलं, इतकी जुनी बाई का सोडून गेली? मला सांगता येईना."

"म्हणून माज्या पोटावर पाय दिला?"

मथुराबाई दारातून बाजूला सरकल्या. त्यांच्या मागं स्वयंपाकघरात एकच ताट पालथं घातलेलं दिसत होतं.

"उद्या चला माज्यासंगं," अंबुबाई म्हणाली. "काय झालं त्ये सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघी टांग्यानं वसतिगृहात गेल्या. अधीक्षिकांनी खुर्ची पुढं केली, पण मथुराबाई उभ्याच राहिल्या.

"हिनं माझं काम सोडलं. आई शेवटच्या घटका मोजत होती, आणि मी हिला जाऊ दिलं नाही. हिचा काही दोष नाही."

अधीक्षिकांनी दोघींकडे पाहिलं. मग अंबुबाईला विचारलं, "आजपासूनच लागता का?"

अंबुबाईनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. खिडकीबाहेर, अंगणातल्या बाकावर मथुराबाई बसल्या होत्या. मुली जेवून गेल्या, भांडी घासून झाली, अंबुबाई संध्याकाळच्या भाकरीला लागली, तरी त्या तिथंच होत्या.

पहारेकरी त्यांच्याजवळ गेला.

"आजी, कुणाची वाट बघताय?"

"नाही. कुणाची नाही."

भाकरी थापणारे हात थांबले. मथुराबाई उठल्या, पदर सावरत फाटकापर्यंत गेल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कुठल्या बाजूला जायचं, ते त्यांना ठरवता येईना.

अंबुबाई खिडकीशी आली.

"आक्का," तिनं हाक मारली, "टांगं डाव्या अंगाला उभं असत्यात."

मथुराबाईंनी मागं न बघता मान हलवली आणि त्या डावीकडे वळल्या.