बारा अब्ज वर्षांचे डाग

मालाडच्या त्या बॅनरच्या दुकानात, पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहून संघमित्रा थबकली. कपाळ, गाल, मान, सारे दुधात बुडवून काढल्यासारखे. ‘डॉ. संघमित्रा हिचे हार्दिक अभिनंदन’ या ओळीखाली कुणी परकीच बाई हसत होती.

खरा घाव त्याच्याही खाली होता. एका अतिदूर दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेल्या प्रकाशाचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा तिने छापायला दिला होता. त्यात दाटीवाटीने काळ्या रेषा हव्या होत्या. एकही उरली नव्हती.

“शिवदास, रेषा कुठे गेल्या?”

“काढल्या ना!” एकेकाळी शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसणारा, आता या दुकानाचा मालक असलेला शिवदास खुशीत म्हणाला. “ओरखडेच ओरखडे होते. आता बघ, कसा झकास दिसतोय!”

“अरे, माझं सगळं संशोधन त्या रेषांवर आहे!”

“वाट लागली,” तो पुटपुटला. “पण डॉक्टरीणबाई, काळं कुणी मुद्दाम ठेवतं का?”

वस्तीतल्या विहाराचे अध्यक्ष भीमराजकाका बाकड्यावरून म्हणाले, “राहू दे गं पोरी. संध्याकाळी सत्कार आहे. कुणाला काय कळणार?”

“मला कळेल, काका.”

तिने बोट पडद्यावर टेकवले. “हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. बारा अब्ज वर्षं चालत आलाय. वाटेत, दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत, हायड्रोजनचे ढग लागले. इतके विरळ, की एरवी दिसतही नाहीत. प्रत्येकाने त्यातली एकच छटा गिळली. विश्व पसरतं तसा उजेडही वाटेत ताणला जातो, म्हणून प्रत्येक घास वेगळ्या जागी दिसतो. ते ढग होते, याचा पुरावा म्हणजे ती काळी रेष. ती पुसलीस, की ते नव्हतेच.”

“पण वस्तीच्या गेटवर बॅनर बघून लोक म्हणतील, मशीन खराब आहे. खाली माझ्या दुकानाचं नाव असतं यार.”

“मग नाव काढ. रेषा ठेव. आणि चेहरा माझा लाव.”

“अगं, उजळ सगळ्यांनाच करतो मी. आजवर कुणी तक्रार केली नाही.”

“मी करतेय. नाहीतर बॅनर नको, सत्कारही नको.”

“हार सांगून झालेत, माणसं बोलावलीत!” काका उसळले.

ती हलली नाही. लहानपणापासून प्रत्येक छायाचित्रापूर्वी तिच्या तोंडावर पावडर थापली गेली होती, आणि प्रत्येक छायाचित्रात ती थोडी थोडी कमी होत आली होती. आता पुसण्याजोगे तिच्यापाशी काही शिल्लक नव्हते.

काका तणतणत पडद्याजवळ आले. बॅनरच्या तळाशी शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगेत एक गुलाबी गृहस्थ होता.

“हा कोण रे?”

“तुम्हीच, काका.”

काकांनी आपला हात पडद्याशेजारी धरला. बराच वेळ धरला. “जन्मभर खांबांवर चढून विजेच्या तारा ओढल्या मी. हा तर सावलीत बसलेला दिसतो.” मग ते खेकसले, “माझं ऊन परत घाल त्यात! आणि पोरीच्या रेषाही.”

शिवदासने मूळ फाइल उघडली. “निम्म्या ठेवल्या तर?”

“सगळ्या.”

यंत्र घरघरत पुढे-मागे सरकू लागले. आधी तिचा सावळा चेहरा उमटला, मग पट्टा, आणि त्यात एकेक काळी रेष, ताठ.

“दुकानाचं नाव काढलंस?” तिने विचारले.

“राहू दे. कुणी मशीनला नावं ठेवली, तर तुझ्याकडे पाठवतो.”

“पाठव,” ती म्हणाली. “मी गेटवरच उभी असेन.”