शेजारणीचे दुखणे

मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कोणाला चावत नाही. दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर गुलाबी हिरड्यांचा आणि मोठमोठ्या दातांचा एक नमुना असतो. वाट बघून कंटाळलेली मुले तो हातात घेऊन त्याची उघडझाप करत बसतात. तुम्हीही कधीतरी केली असेल. तोच मी.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे दात एकेक करून हिरड्यांत बसवले आणि मागे बिजागरी लावली. लांबून दिसावे म्हणून मला खऱ्या जबड्यापेक्षा चांगले दुप्पट मोठे केले. खालच्या डाव्या बाजूची एक दाढ उभी कापून आत काळी कीड रंगवली आणि लाल नस दाखवली. इतरांचे दात खाऊनपिऊन किडतात, माझी दाढ जन्मापासूनच किडकी. जीभ मात्र मला दिली नाही. जीभ असली की आतल्या बाजूचे दात झाकले जातात, असे तिथल्या मुख्य कारागिराचे म्हणणे होते, आणि ते बरोबरच होते. माझ्या खालच्या दातांच्या आत नुसती मोकळी जागा आहे. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

डॉक्टरबाईंनी मला घेतले तेव्हा त्यांचा दवाखाना नवा होता. बाहेरच्या खोलीत दोन बाके, आतल्या खोलीत खुर्ची, तिच्यावर वाकलेला दिवा आणि सगळ्यांची बोबडी वळवणारे ते घुंईं करणारे यंत्र. बाई स्वभावाने शांत होत्या. कोणी काहीही विचारले तरी मला जवळ ओढायच्या, उघडायच्या आणि समजावून सांगायच्या. लोक काय वाटेल ते विचारत. एका पैलवानासारख्या गृहस्थांनी इंजेक्शनची सुई किती लांब असते ते विचारले आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेरचा रस्ता धरला. वरची दाढ काढली तर डोळा अधू होतो का, हे विचारणारे तर किती आले याची गणती नाही. मी तेव्हा रुबाबात होतो. रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसले जाई. एक आजोबा तर मला बघून म्हणाले होते की असे दात मिळाले तर ते पुन्हा लग्नाला उभे राहतील.

या सगळ्यांत एक काकू होत्या. त्या कपडे लहानमोठे करून द्यायच्या, चेन बदलायच्या, उसवलेले शिवायच्या. दवाखान्यात त्यांना सगळे शंकाकाकू म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्या हसायच्या. कधी मुलीला घेऊन यायच्या, कधी नवऱ्याला, कधी सासूबाईंना. येताना घरून शंकांची मोटच बांधून आणायच्या. मुलीचे दुधाचे दात पडणारच आहेत तर ते भरायचे कशाला? बाई सांगायच्या की तो दात खालून येणाऱ्या दाताची जागा राखून ठेवतो, तो आधीच गेला की पुढचा वाकडातिकडा उगवतो. नवऱ्याच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येते, मग ब्रश बंद करू का? उलट, नीट करायला सांगा, घाण राहिली की रक्त वाढते. दात साफ करून घेतले की फटी पडतात, हे खरे का? फटी कीटणानेच पाडलेल्या असतात, कीटण काढले की दिसतात इतकेच. रूट कॅनल केले की दात मरतो, मग तो तोंडात ठेवायचा कशाला? मरते ती आतली नस, दात खायला चांगला उपयोगी पडतो. प्रत्येक वेळी काकू माझ्यावर बोट ठेवून विचारायच्या आणि बाई माझ्यावरच बोट ठेवून उत्तर द्यायच्या. मला ती दोघींची बोटे फार आवडत.

काकू स्वतःबद्दल मात्र काही विचारत नसत. दोरा दातांनी तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. बाईंनी एकदा ती पाहिली आणि कात्री वापरा म्हणून दटावले. काकू म्हणाल्या की कात्री शोधावी लागते, दात जागेवर असतात. एकदा दातांत धरलेले बटण चावले जाऊन त्यांच्या खालच्या दाढेचा कोपरा उडाला होता. तो गुळगुळीत करून घ्यायला या, असे बाई म्हणाल्या होत्या. काकू हो म्हणाल्या आणि पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन आल्या. खुर्चीची त्यांना मनातून भीती होती, असे मला वाटते. घरच्यांना त्या धीर द्यायच्या, स्वतःला द्यायला त्यांच्याकडे उरत नसावा.

मग तो दिवस आला. सासूबाईंची कवळी हिरडीला टोचत होती. बाईंनी ती घासून दिली. सासूबाई बाहेर चपला शोधायला गेल्या. खुर्चीत पुढचा माणूस येऊन बसला होता, त्याला भुलीचे इंजेक्शन दिलेले होते, बाहेर दोन्ही बाके भरलेली होती. बाई हातमोजे बदलत होत्या. काकू दाराशी गेल्या, थांबल्या आणि परत टेबलाशी आल्या. त्यांनी मला उघडले आणि माझ्या खालच्या डाव्या दाढेजवळ बोट नेले.

"आमच्या शेजारणीला इथे काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. पण दुखत मुळीच नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही ना?"

बाईंनी मान वळवून पाहिले. त्यांना दिसली माझी ती रंगवलेली किडकी दाढ आणि तिच्याजवळ टेकलेले बोट.

"दुखत नाही ना? मग आजच्या आज यायला पाहिजे असं नाही. सवडीने पाठवा त्यांना, बघू."

मित्रांनो, ते बोट माझ्या दाढेवर नव्हते. दाढेच्या आतल्या बाजूला, जिथे माणसाची जीभ असते, तिथे होते. माझ्याकडे तिथे काहीच नाही. काकू मोकळ्या जागेत बोट धरून उभ्या होत्या आणि ते फक्त मला कळत होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. काकूंनी लांब श्वास सोडला, मला हळूच मिटले आणि गेल्या. त्यांची चाल जाताना हलकी झालेली मी पाहिली. तो हलकेपणा आठवला की आजही मला सहन होत नाही.

त्यांनी शेजारीण का म्हटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. स्वतःचे नाव घेतले असते तर बाईंनी लगेच खुर्चीत बसवले असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना खुर्ची नको होती, काही नाही हे ऐकायचे होते. ते त्यांना ऐकायला मिळाले. आणि सवडीने म्हणाल तर सवड काकूंच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा अंगात स्वेटर होता आणि चेहरा उतरलेला होता. सोबत सासूबाई होत्याच. काकू काहीतरी विचारत होत्या, पण शब्द जड येत होते, तोंडात घास असल्यासारखे. बाईंच्या हातातली कवळी तशीच राहिली.

"काकू, आधी तुम्ही बसा."

पाळी सासूबाईंची आहे, असे काकू म्हणाल्या. बाईंनी ऐकले नाही. दिवा खाली ओढला, जाळीच्या कापडाचा तुकडा घेऊन काकूंची जीभ धरली आणि अलगद एका बाजूला घेतली. मी टेबलावरून बाईंचा चेहरा बघत होतो. तुटलेल्या दाढेच्या धारदार कोपऱ्याशी, जिभेच्या कडेला, कडक काठांची मोठी जखम होती. बाईंनी ती बोटाने चाचपली, मग जबड्याखाली मान चाचपली. तिथे गाठ लागली.

"हे कधीपासून आहे?"

"मी शेजारणीचं विचारलं होतं ना, तेव्हापासून. त्याच्याही आधी थोडं होतं." काकूंनी तोंड पुसले. "दुखत नसेल तर घाई नाही म्हणालात. मग मी घाई नाही केली."

त्यात तक्रार नव्हती. डॉक्टरांचे ऐकले, असे सांगत होत्या त्या. बाईंनी मला हातात घेतले, उघडले आणि आतल्या मोकळ्या जागेकडे पाहिले. मग त्यांनी स्वतः मोठ्या इस्पितळात फोन लावला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले. तपासणीसाठी तुकडा काढला, तो कॅन्सर निघाला. जिभेचा बराचसा भाग काढावा लागला, मानेतल्या गाठीही काढल्या. नंतर किरणांचे उपचार होते, आणि त्याआधी खराब दाढा काढायच्या असतात, म्हणून काकू पुन्हा आमच्या खुर्चीत आल्या. ज्या तुटक्या दाढेसाठी इतकी वर्षे वेळ मिळाला नव्हता, ती बघता बघता निघाली. काकूंना बोलता येत नव्हते. नवरा आणि मुलगी भिंतीशी उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदाच या घराची शंका मुलीने विचारली.

"आई पहिल्यासारखी बोलेल का?"

सवयीने बाईंचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्या वाटेतच थांबला. माझ्यावर दाखवण्यासारखे यात काही नव्हते. काही शब्द येतील, ते शिकवणारे लोक असतात, पण पहिल्यासारखे नाही, असे बाईंनी सांगितले. काकू खुर्चीतून मुलीकडे बघत होत्या आणि तिला हाताने खुणावत होत्या की रडू नकोस. मी प्लास्टिकचा आहे, तरी मला वाटले की आपण मोडून पडावे.

उपचारांनंतरही ते दुखणे मानेत परत आले. काकू गेल्याचे नवऱ्याने येऊन सांगितले. तो बाकावर बसून राहिला. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की त्याच दिवशी काकूंचे तोंड उघडून पाहायला हवे होते. तो म्हणाला की घरात रोज समोरासमोर जेवायला बसायचो, मीही पाहिले नाही.

त्यानंतर मला कपाटावर ठेवले गेले. आता बाई टेबलावरच्या पडद्यावर चित्रे दाखवतात. कोणी दाराशी उभे राहून दुसऱ्याचे म्हणून काही विचारले, तर त्या आधी विचारणाऱ्यालाच बसवतात, बाहेर कितीही गर्दी असो. चांगली सवय आहे. ती ज्यांच्यामुळे लागली त्यांना तिचा उपयोग झाला नाही. माझी बिजागरी आता गंजली आहे, दातांवर धुळीचा थर बसला आहे आणि दात घासा म्हणून जगाला शिकवणाऱ्याचे दात कोणी पुसत नाही. त्याचेही मला दुःख राहिलेले नाही.

परवा काकूंची मुलगी आली. मोठी झाली आहे, कामाला जाते. दाढ दुखत होती. बाईंनी तिचे तोंड तपासले, जीभ दोन्ही बाजूंनी पाहिली, गाल पाहिले, मान चाचपली, मग दाढ भरली. शेवटी म्हणाल्या, काही विचारायचंय का? मुलीने मान हलवून नाही म्हटले, ओढणीने तोंड पुसले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, तुम्ही तरी विचारा. दात दुखला नाही म्हणून तो बरा आहे असे समजू नका. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखत असो वा नसो, दाखवून या. दाताचा तुटका कोपरा जिभेला लागत असेल तर घासून घ्या. तुमच्या घरात जी बाई सगळ्यांना दवाखान्यात घेऊन जाते, तिला एकदा तुम्ही घेऊन जा, आणि ती नको म्हणाली तरी न्या. तिथे शेजारणीचे नाव सांगू नका, स्वतःचे सांगा. आणि माझ्यासारख्या जबड्यावर बोट ठेवून दाखवू नका, आपले तोंड उघडा. मला कधीच काही झालेले नसते.