चारच्या गाडीने आली

टिपणकाकांचं खरं नाव आता फक्त मतदार यादीत उरलं होतं. बाकी सगळे त्यांना टिपणकाकाच म्हणत, कारण खिशात टिपणवही नाही असे ते फक्त आंघोळीच्या वेळीच सापडले असते. संध्याकाळी पाचला निघणाऱ्या चार पानी दैनिकात, तिसऱ्या पानावर डाव्या कडेला त्यांचं सदर असायचं, ‘आज इथे’. कोणाचं मांजर हरवलं, कोणत्या दुकानाची पाटी बदलली, पोहण्याच्या तलावातलं पाणी कधी बदललं, पारा किती चढला. प्रत्येक बातमीला दोन ओळी. राजा येवो की रंक, तिसरी ओळ नाही. सव्वीस वर्षं हा नियम त्यांनी असा सांभाळला होता की जणू घटनेतच लिहिलाय.

या सदराची एक गंमत बाहेरच्या कोणाला कळायची नाही. पान छापायला जायचं साडेबाराला आणि अंक लोकांच्या हातात पडायचा पाचला. मग दुपारी तीनला वाचनालयात होणारी सभा लिहायची कशी? ‘होणार आहे’ लिहिलं तर पाच वाजता वाचणारा म्हणणार, अहो, ती तर होऊन गेली! म्हणून काका बाराला बसून तीनची सभा ‘झाली’ असं लिहून मोकळे व्हायचे. फसले एकदाच. चपलांच्या एका दुकानाचं उद्घाटन ‘थाटात पार पडले’ असं छापून आलं आणि तिकडे कुलपाची किल्लीच सापडत नव्हती. लोक महिनाभर हसले. तेव्हापासून काका फक्त पक्क्या गोष्टीच आधी लिहायचे.

तो गुरुवार उन्हाळ्याच्या अगदी शेपटाकडचा होता. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते आणि शिंप्याच्या दुकानात गणवेशांचा ढीग छताला टेकायला आला होता. काका नेहमीप्रमाणे नऊला फेरीला निघाले. न्हाव्याकडे कळलं की त्याने आरसा बदलला. ग्रंथपालबाईंनी सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी नेलेलं एक पुस्तक कोणीतरी गुपचूप खिडकीत ठेवून गेलं. तलावावरचा राखणदार म्हणाला, “लिहा, आज तिघंच आले पोहायला. आणि त्यातला एक नुसता काठावर बसला.”

“काका, आज स्वारी खुशीत दिसतेय,” इस्त्रीवालीने हटकलंच. “आणि ही चादर एवढी तातडीने कशाला हवी?”

“लेक येतेय,” काका म्हणाले. म्हणायला दोनच शब्द, पण सकाळपासून ते तोंडात घोळत होते.

लेक तीन वर्षांनी येत होती. रविवारी फोनवर म्हणाली होती, “बाबा, गुरुवारी चारच्या गाडीने येते. नक्की.” त्या ‘नक्की’वर काकांनी चार दिवस काढले. तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला, गादीला ऊन दाखवलं, दहा कलिंगडं वाजवून त्यातलं एक निवडलं आणि पाण्याच्या बादलीत गार करायला ठेवलं. लहानपणी मधला गर तिलाच लागायचा, कडेचा बापाला.

तीन वर्षं ती का आली नाही, ते काकांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तिची आई इस्पितळात गेली तेव्हा काका छापखान्यात होते. बातमी तिथेच कळली. पान अडलं होतं. त्यांनी उभ्याउभ्या लिहून दिलं: ‘या सदराच्या लेखकाच्या पत्नीचे आज सकाळी इस्पितळात निधन झाले. सदर उद्या नेहमीप्रमाणे प्रसिद्ध होईल.’ आणि मग इस्पितळाकडे धावले. संध्याकाळी लेकीने अंक वाचला. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिने एवढंच विचारलं, “आईला दोन ओळी, बाबा? आणि त्यातलीही एक सदराची?” पुढे वर्षश्राद्धाला ती येऊन गेली, ती शेवटची.

बाराला ते टेबलाशी बसले. आरसा झाला, पुस्तक झालं, तलाव झाला, पारा झाला. एका बातमीची जागा उरली. घरचं काही सदरात घालायचं नाही हाही त्यांचा नियम, आणि तो एकदाच मोडला होता. पण गाडी तिकडून अकराला सुटते, म्हणजे एव्हाना ती गाडीत बसलेली होती. यापेक्षा पक्कं काय असतं? त्यांनी लिहिलं: ‘या सदराच्या लेखकाची मुलगी आज चारच्या गाडीने आली. मुक्काम आठ दिवस.’

जुळारीबाईंनी कागद हातात घेतला. अक्षरं जुळवायचे खिळे जाऊन संगणक आला तरी त्यांना सगळे जुळारीबाईच म्हणत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आली?”

“येतेच आहे. टाका.”

साडेतीनलाच काका बसस्थानकावर हजर. ऊन असं होतं की बाकड्यावर बसायची सोय नव्हती. चारला गाडी आली. आधी एक जोडपं उतरलं, मग गाद्या घेतलेला एक माणूस, मग दोन बाया, मग वाहक, शेवटी चालकसुद्धा उतरून तोंड धुवायला गेला. काका पायरीवर चढून आत डोकावले. रिकामी बाकं. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की काल छापखान्यात शिरताना बंद केलेला फोन आनंदाच्या भरात चालू करायचा राहिलाय. चालू केला आणि दोन मिनिटांत वाजला.

“बाबा! सकाळपासून लावतेय. दहाला साहेबांनी रजा रद्द केली. माझी बॅगसुद्धा भरलेली होती हो.”

“असू दे गं. काम आधी.”

“पुढच्या महिन्यात बघते.”

“बघ. मीही गडबडीतच होतो.” काकांनी आजूबाजूला पाहिलं. वर्तमानपत्रवाला सायकलला गठ्ठा बांधत होता. “बरं, ठेवू? अंक निघतोय.”

कसला अंक निघतोय, तो तर निघालाच होता. काका घरी पोचेपर्यंत न्हावी दुकानातून ओरडला, “काका, आली ना लेक! उद्या पाठवा, नवा आरसा बघायला.” काकांनी हात हलवला. हात हलवणं म्हणजे हो की नाही, हे न्हाव्याने आपल्या सोयीने ठरवलं.

सहाला दार वाजलं. लेकीची शाळेतली मैत्रीण उभी होती, घामाघूम, हातात घडी घातलेला अंक. “कुठंय ती? मला एक शब्दाने कळवलं नाही शहाणीने!”

‘आली नाही’ एवढं म्हणायचं होतं. दोनच शब्द. काका म्हणाले, “झोपलीय. प्रवासाने दमलीय.”

“अय्या, हो का?” मैत्रिणीचा आवाज एकदम खाली आला. “उठवू नका हं, काका. मी उद्या संध्याकाळी येते.” आणि ती चपलांचा आवाज न करता पायऱ्या उतरली.

काकांनी दार लावलं आणि तिच्या खोलीपाशी गेले. नव्याने दुरुस्त केलेला पंखा दुपारपासून फिरत होता, इस्त्रीच्या चादरीवर वारा घालत. बंद करायला हात गेला, पण त्यांनी बटण दाबलं नाही. दार ओढून घेतलं. मग लक्षात आलं की आपण आपल्याच घरात चवड्यांवर चालतोय. चहाचं भांडंही त्यांनी हळूच ठेवलं. आठला शेजारीण खिडकीतून खुणेने विचारून गेली, झोपली का? काकांनी मान डोलावली. इतकं एकटं त्यांना बायको गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोकांसमोर रडता येत होतं.

कलिंगड बादलीतच राहिलं.

सकाळी फेरीला जायचं धाडसच होईना. ते मागच्या गल्लीने थेट छापखान्यात गेले. चुकीची दुरुस्ती छापायची तर ती सदरातच, दोन ओळींत, हा दैनिकाचा रिवाज. चपलांच्या दुकानाचीही तशीच छापली होती. काकांनी लिहिलं: ‘या सदराच्या लेखकाची मुलगी काल चारच्या गाडीने आली असे छापले होते. ती आली नाही.’

झाल्या दोन ओळी. सव्वीस वर्षांत त्यांनी पेन इथेच खाली ठेवलं असतं. पण आज हात निघेना. संध्याकाळी मैत्रीण येणार, न्हावी विचारणार, ‘मग कधी येणार?’ आणि काका म्हणणार, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात पुन्हा पंखा, पुन्हा चादर. ती यायची वाट त्यांनी तीन वर्षं पाहिली होती. पण आपण तिच्याकडे किती वेळा गेलो, याचा हिशेब सोपा होता. एकदाही नाही. सदर होतं ना! तिच्या घराचा पत्ता त्यांना पिनकोडसकट पाठ होता, आणि दाराचा रंग कोणता ते माहीत नव्हतं.

त्यांनी तिसरी ओळ लिहिली आणि कागद पुढे केला.

जुळारीबाईंनी वाचलं. मग मोजलं. “काका, तीन झाल्या.”

“होऊ देत.”

“आणि हे काय? ‘लेखक आज सव्वापाचच्या गाडीने तिच्याकडे गेला.’ अहो, समोर तर बसलायत तुम्ही! साडेबारा वाजलेत.”

“मग? आपण असंच लिहितो ना?”

“आणि गेला नाहीत तर?”

“छापून आल्यावर जावंच लागतं,” काका म्हणाले. “दोन दिवसांत दोन दुरुस्त्या कोण वाचणार?”

“आणि उद्याचं सदर?”

काकांनी खिशातली टिपणवही काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. जुळारीबाईंनी ती आपल्याकडे ओढली. त्यांनी तिसऱ्या ओळीसाठी पाऱ्याची बातमी काढून टाकली. ऊन आहे हे लोकांना तसंही कळत होतं.

लेकीला फोन करायचं काकांनी टाळलं. केला असता तर ती म्हणाली असती, ‘बाबा, आत्ता नको, फार गडबड आहे’, आणि मग ती तिसरी ओळही खोटी पडली असती.

पाचला ते स्थानकावर उभे होते, एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत कलिंगड. अंक वाटला गेला होता. इस्त्रीवाली लगबगीने आली, हातात तिसरं पान. ती म्हणाली, “काका, यात तर तुम्ही गेलात.”

“जातोय.”

“काल सांगायचं की हो, ती आली नाही म्हणून. मी येऊन बसले नसते का तुमच्यासोबत?” तिने डोळ्याला पदर लावला आणि कलिंगडाला खालून हात दिला, जड होतं म्हणून.

चारला येणारी गाडीच सव्वापाचला परत फिरायची, पण त्या दिवशी ती यायचं नावच घेईना. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. पावणेसहाला ती धुरळा उडवत आली आणि माणसं उतरवून दहा मिनिटांत वळली. काका खिडकीशी बसले. गाडी न्हाव्याच्या दुकानावरून पुढे गेली, वाचनालयावरून गेली, तलावावरून गेली, आणि तेव्हा कुठे ती तिसरी ओळ खरी झाली.

वाहक तिकीट फाडता फाडता मांडीवरच्या कलिंगडाकडे बघून हसला. “तिकडे कोणीतरी वाट बघत असेल, आजोबा.”

“नाही,” काका म्हणाले, “तिला अजून माहीतच नाही.”