जिंतूरच्या स्टँडवरची भेट

रविवारी मला बघायला पालमकडचे पाहुणे येणार होते. मुलगा योगीराज, कॉम्प्युटरचे क्लास घेणारा. मागच्या स्थळाच्या वेळी मी मान खाली घालून बसले होते आणि मुलाचे फक्त पायमोजे पाहिले होते. नशीब, नकार त्यांच्याकडूनच आला. एकदा पाहुण्यांनी चहा पिऊन होकार दिला की आमच्या घरात मुलीचं 'नाही' कुणी ऐकत नाही. म्हणून या वेळी ठरवलं, नाही म्हणायचं असेल तर रविवारच्या आत. मैत्रिणीकडून नंबर मिळवला आणि 'मी ज्ञानेश्वरी, गंगाखेडहून बोलते' म्हणून मीच फोन केला.

तो लगेच तयार झाला, पण म्हणाला परभणीत एका कॅफेत बसू. असले कॅफे मला ठाऊक आहेत. प्लायवूडचे कप्पे आणि पुढे पडदे. माझं डोकंच फिरलं. पडद्यामागे एकटेच बसा, मी म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. जागा मित्रांनी सुचवली होती, पडद्यांचं माहीत नव्हतं, आता तुम्हीच सांगा.

सांगणं सोपं नव्हतं. गंगाखेडला घाट आहे, पण तिथं कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याला आमच्यातलं कुणीतरी असतंच. देवळात दिसलो तर लोक लग्नाची तारीखच विचारतील. शेवटी जिंतूरचा एसटी स्टँड सुचला. तिकडे दोघांचंही सोयरं नाही. भर दुपार, चारचौघांत, आणि स्टँडवर का बसलात म्हणून कुणी विचारत नाही. मी स्वतःवरच खूश झाले.

तो भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. मध्ये पिशव्या ठेवून बाकावर बसलो. मी सरळ त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं की औषधाच्या दुकानातली नोकरी सोडणार नाही. पालमहून गंगाखेडला रोजचं जाणं-येणं झेपेल का, एवढंच त्यानं विचारलं. मला तो आवडायला लागला होता, आणि नेमके तेव्हाच त्याच्या गावचे तात्याराव समोर उभे. लेकीला भेटून परत निघालेले.

योगीराज उठून त्यांच्या पाया पडला. मोठं माणूस समोर आलं आणि शेजारचा वाकला की आपणही वाकायचं, ही लहानपणापासूनची सवय. मीही वाकले. त्याच्याबरोबरच, नवी नवरी वाकते तशी. तात्यारावांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जोडीनं सुखी ऱ्हावा. ठरलं म्हणायचं की."

आता हे गावभर होणार, आमच्या घरी कळणार, आणि माझं 'नाही' इथंच संपणार. स्वतःचा इतका राग आला की रडूच येईल असं वाटलं.

"ठरलं न्हाई, तात्या," योगीराज म्हणाला. "ज्ञानेश्वरींनी अजून हो म्हणलं न्हाई. त्यांना मी पसंत नसलो तर आमी रविवारी जाणारच न्हाई. तुमी गावात बोललात तर त्यांना न्हाई म्हणता येणार न्हाई."

तात्याराव जरा नाराज झाले. आमच्या वेळी असलं नव्हतं म्हणाले. मग, बरं, मी कुणाला बघितलंच न्हाई, असं पुटपुटत पालमकडच्या गाडीकडे वळले.

योगीराज पुन्हा शेंगा सोलत बसला. माझा होकार-नकार त्यानं विचारला नाही. परभणीची गाडी लागली तशी मी पिशवी उचलली. पायरीवर चढले आणि मागे वळले.

"रविवारी या तुमी," मी म्हटलं. "वाट बघते."