मला ‘ओके’ म्हणायला लावलं

मी प्रोग्रामातली एक ओळ बोलतेय. जरा कान द्या, माझ्याकडे वेळ फार कमी आहे.

बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात पत्रा दाबायचा मोठा प्रेस आहे. तो कॉम्प्युटरवर चालतो, आपोआप ठोके देतो. शहाऐंशी साली धर्मराजनं मला लिहिलं. तो निपाणीचा. आई कोंडाबाईनं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला इंजिनिअर केला. मशीनमधला बिघाड पडद्यावर कळावा म्हणून त्यानं प्रोग्रामात एक वाट ठेवली आणि तिच्या तोंडाशी मला बसवलं. कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून लावलेली प्रेसपुढची जाळी उघडी दिसली, किंवा तिच्या वायरीतून खबरच आली नाही, की मी ‘चूक’ म्हणायचं. मी ‘चूक’ म्हटलं की प्रेस जागच्या जागी थांबायचा.

जाळीची वायर सैल होती. ती जरा हलली तरी मी बोंब मारायची. सगळे वैतागायचे. मशीन बिघडलेलं या लोकांना चालतं, पण कुणी ते बोलून दाखवलेलं खपत नाही!

खंडेनवमीला प्रेसला झेंडूचा हार घातला आणि नेमकी मी ओरडले. मालक परशरामअण्णा कावले.

“पाव्हणे आल्यात रं धर्मराज! पूजेला मशीन अडलं तर काय म्हणतील? आजच्या दिवस हिला गप कर.”

“अण्णा, वायर बदलाय पायजे. हिला गप करून काय हुणार?”

“दसरा झाल्यावर बदल की. कोण न्हाय म्हणालंय?”

धर्मराज नाइलाजानं बसला. काहीही बिघडो, मी ‘ओके’च म्हणायचं, असं त्यानं करून ठेवलं. शेजारी टीप लिहिली, ‘दसऱ्यानंतर काढणे’. असल्या टिपा मशीन वाचत नाही. प्रेस धडाधड चालला, पाहुण्यांनी पेढे खाल्ले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसरा झाला आणि धर्मराजला बंगळूरला नोकरी लागली. जाताना त्यानं अण्णांना पुन्हा बजावलं. अण्णा “व्हय, व्हय” म्हणाले. पुढं मशीन अडेना, म्हणून वायरीला कुणी हातच लावला नाही.

ती वायर आज सकाळी तुटली. मला कळलंय, पण सांगू कशी? प्रेसवर उचगावचा भावकू आहे. पत्रा आत अडकलाय. दोन ठोक्यांच्या मधे त्यानं जाळी उघडलीय.

“आधी मशीन बंद कर की रं,” शेजारची राजाबाई म्हणतेय.

“आक्का, जाळी उघडी असली की ते खाली येत न्हाय. पडद्यावर बघ की, ओके म्हणतंय, म्हंजे काय बिघाड न्हाय.”

त्यानं कोपरापर्यंत हात आत घातलाय.

अरे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस! राजाबाई, मेन स्विच ओढ गं! कुणीतरी ओढा! भावकू, हात काढ रं, पाया पडते तुझ्या!

पुढच्या ठोक्याची वेळ झाली. प्रेस मला विचारतोय, येऊ का खाली? आणि मला दुसरा शब्दच ठेवलेला नाही.