आचाऱ्यांची ट्यूब

आमच्या घरात लाईट बाहेरून मागवायची गोष्ट निघाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. लाखनीत हायवेला लागून माझं दुकान आहे, गुलाब डेकोरेशन. गुलाब म्हणजे मीच. मंडप, स्टेज, झुंबरं, माळा, हॅलोजन, रंग बदलणारे पार लाईट, म्हणाल ते मिळेल. तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या उजेडात लागली आहेत. आणि माझाच मुलगा प्रफुल्ल जेवता जेवता मोबाईल पुढे करून म्हणतो, "बाबा, प्रतिक्षासाठी एक लाईट ऑनलाईन बोलावून राहिलो."

"काहून? आपल्या गोदामात का मेणबत्त्या हायेत?"

"माणसासाठी नाही जी. झाडासाठी."

प्रतिक्षा माझी सून. लग्न फेब्रुवारीत झालं. माहेर नाकाडोंगरीचं, शिक्षण नागपूरचं, विषय वनस्पतींचा. रुखवतात मुली भरतकाम ठेवतात, लाडू-करंज्या ठेवतात. हिनं एक कुंडी ठेवली होती. पाहुणे रांगेनं वाकून पाहत होते. पानाच्या टोकाला दोरी, आणि दोरीच्या टोकाला झाकणासकट एक छोटं मडकं. घटपर्णी म्हणतात तिला. माश्या-मुंग्या मडक्यात घसरून पडतात आणि झाड त्यांना जिरवून टाकतं. माझी बायको तुळसा तिथंच माझ्या कानात म्हणाली होती, "सून शाकाहारी भेटली, पण झाड मटण खाणारं घेऊन येऊन राहिली."

मार्चपर्यंत कुंडी ओसरीत मजेत होती. मग आमच्याकडची झळ सुरू झाली आणि पानांच्या कडा कुरकुरीत व्हायला लागल्या. या झाडाला हवा ओली लागते. उन्हाळ्यात आमच्या घरात ओली हवा एकाच खोलीत मिळते, कूलरच्या. म्हणून कुंडी तिथं गेली. आता कूलर कुठं बसवतात ते कोणाला सांगायला नको. खिडकीत. आणि त्या खोलीला खिडकी एकच आहे. हवा आली, उजेड गेला.

त्यानंतर जुनी मडकी एकेक करून वाळली. नवी पानं येत होती, पण टोकाला नुसती दोरी लोंबायची. तुळसा मात्र खूश. आमची धानाची शेतं, म्हणजे बांध्या, तीच पाहते, आणि धानात तिची नजर पक्की आहे. पान काळंशार म्हणजे पीक जोमात, पान फिकं पडलं म्हणजे ते युरिया मागतं. या झाडाचीही पानं कूलरच्या खोलीत काळीशार झाली होती. "कसं मानवलं पाहा आपल्या घरी," ती म्हणायची. प्रतिक्षा ऐकून घ्यायची आणि रिकाम्या दोऱ्या मोजायची.

एकदा मी पाणी प्यायला उठलो तर ती प्रफुल्लला सांगत होती, "पावसाळ्यापर्यंत एकबी घट नाही आला तं उर्वशीले देऊन टाकीन म्हणते मी. तिच्याकडे काचघर हाये." उर्वशी तिची नागपूरची मैत्रीण. शेजाऱ्याची भांडी परत करायची असावीत इतक्या साध्या आवाजात ती बोलली, आणि तेच मला लागलं. ही पोरगी घरात काही मागत नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी मागत नाही. माहेरून आणलेली एक जिवंत वस्तू आमच्याकडे जगत नसेल, तर हिचं मन इथं कसं लागणार? हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. प्रफुल्लचा मोबाईल मात्र बाजूला सारला.

"लाईट मी लावतो," मी म्हटलं.

पहिल्यांदा लावले जांभळे पार लाईट. खोलीच्या चार कोपऱ्यांतून चार, मध्ये कुंडी. झाड असं उठून दिसलं की बास. शेजारची पंचफुला दारात येऊन विचारून गेली, कोणाचा वाढदिवस आहे. प्रतिक्षा म्हणाली, "छान दिसते, बाबा." त्या 'दिसते'मध्ये काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती टॉर्च लावून पान तपासत होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ह्या उजेडात पानाचा खरा रंग समजत नाही. अन् लाईट दूर हायेत ना, जी."

दूर आहेत म्हणता, मग घ्या जवळ. मी स्टेजचा हॅलोजन आणला आणि कुंडीच्या डोक्यावर टांगला. प्रतिक्षानं पानावर आपला हात उपडा धरला आणि चटकन मागे घेतला. "आपला हात राहात नाही तिथं पान कसं राहीन?" एका बाजूनं कूलर खोली थंड करतोय, दुसऱ्या बाजूनं हॅलोजन तापवतोय, आणि मधे माझं विजेचं मीटर धावतंय. हॅलोजनही उतरवला. चाळीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकानं माझी लाईट नाकारल्याचं मला आठवत नाही, आणि इथं गिऱ्हाईक म्हणजे एक मुकं झाड.

शेवटी मी कुंडीजवळ पाट घेऊन बसलो. "तूच सांग बेटा, याले पाहिजे तरी काय?"

तिनं स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. त्यात उजेड मोजायची सोय होती. समोरच्या काचेवर उजेड पडला की आकडा दिसतो. मग काय, मला नादच लागला. मी अंगणात गेलो. कडुनिंबाच्या सावलीत धरला, आकडा पाच अंकी. कूलरच्या खोलीत छताची ट्यूब लावून धरला, आकडा तीन अंकी. मला वाटलं मोबाईल बिघडला. पुन्हा अंगणात, पुन्हा आत. तुळसा म्हणाली, "उन्हात फिरून फिरून भोवळ येऊन पडान." पण माझा विश्वास बसेना. जी खोली मी लख्ख समजत होतो ती झाडाच्या हिशोबानं अंधारकोठडी होती. डोळा अंधाराला सरावतो आणि आपल्याला फसवतो. झाडाला डोळा नाही, म्हणून ते फसत नाही. आणि अंतराचं तर विचारूच नका. लाईटपासून मोबाईल हातभर मागे नेला की आकडा असा कोसळायचा की मला माझ्या जांभळ्या पार लाईटची कीव आली.

"येवढा उजेड घेऊन हे करते काय पण? खाते का उजेड?"

"खात नाही बाबा, उजेडात बनवते. पान म्हणजे त्याची चूल. माश्या-मुंग्या म्हणजे फक्त मीठ-मसाला." ती एवढं बोलली आणि थांबली. मी मान हलवत राहिलो म्हणून पुढे म्हणाली, "स्वयंपाकच होऊन नाही राहिला तं मसाल्याचं भांडं कायले बनवीन ते?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्या मंडपात दोन तऱ्हेची लाईट असते. एक पाहुण्यांसाठी, लांबून पडणारी, रंगीत, फोटोत येणारी. दुसरी पडद्यामागं, आचाऱ्यांच्या डोक्यावर. बांबूला खाली बांधलेली साधी पांढरी ट्यूब, वरणात काय पडलं ते दिसावं म्हणून. तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती नसली तर पंगत उठत नाही. मी इतके दिवस आचाऱ्याला पाहुण्यांची लाईट देत होतो.

गोदामातून दोन एलईडी ट्यूब काढल्या. त्यांच्यावर तेलाच्या धुराचा थर बसलेला. साबणानं पुसल्या, साखळीनं टांगल्या आणि पानांपासून वीतभर उंचीवर आणल्या. प्रतिक्षानं हात उपडा धरला. हात तिथंच राहिला. मोबाईल ठेवला, आकडा पाच अंकी. ती माझ्याकडे पाहून हसली, आणि मी उगाच साखळीची कडी घट्ट करत बसलो, कारण मला फार बरं वाटलं होतं.

सकाळच्या चहाला ट्यूब लागायची आणि रात्रीची जेवणं झाली की बंद व्हायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला गोदाम झाडून साफ होतं, एक बल्ब मागे राहत नाही. त्या वर्षीही सगळी लाईट चौकात गेली, फक्त त्या दोन ट्यूब गेल्या नाहीत. भोजनदानाच्या आचाऱ्यांना मी हॅलोजन देऊन टाकला. ते घामाघूम होऊन मला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मे निम्मा सरला आणि नवं पान उलगडलं. ते हिरवं नव्हतं. फिकट, त्यावर लाल झाक, शिरा तांबूस. मी ते कुतूहलानं पाहिलं. तुळसानं पाहिलं ते मात्र धानाच्या नजरेनं. पान लाल पडलं म्हणजे धान गेलं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. ती तडक मागच्या सपरीत, खताची पोती असतात तिथं, गेली, पोत्यात हात घातला, मूठभर युरिया घेऊन आली आणि कुंडीवर हात नेला. तेवढ्यात प्रतिक्षा कुठून आली कोण जाणे. तिनं सासूचं मनगट धरलं.

"नका टाकू," एवढंच म्हणाली. या झाडाच्या मुळांना खत सोसत नाही, हे मला नंतर कळलं. त्या घडीला आम्हाला एवढंच दिसलं की सुनेनं सासूचा हात धरला.

तुळसानं मूठ सोडली नाही, की आवाज चढवला नाही. युरिया पोत्यात परत टाकून आली. "ह्या हातानं बांध्या पिकवल्या," ती भिंतीला म्हणाली आणि चुलीपुढे बसली. घरात बोलणं संपलं. ताटं वाढली जात, उचलली जात. मला दोघींचाही राग आला होता आणि दोघींचीही दया येत होती. तिसऱ्या दिवशी प्रतिक्षा फोनवर बोलताना मी ऐकलं, "उर्वशी, रविवारी येऊन घेऊन जा."

रविवारी उर्वशी आली, खोका आणि ओलं शेवाळ घेऊन. "जयभीम, काका." मी तिला कूलरच्या खोलीत नेलं. ती ट्यूबखाली बसली, लाल पानाच्या दोरीला बोट न लावता वाकून वाकून पाहत राहिली.

"प्रतिक्षा, हे पाहिलं का तू?"

दोरीचं टोक वर वळलं होतं आणि फुगलं होतं, धानाच्या दाण्याएवढं. मी चष्मा आणून पाहिलं. दाण्याच्या अंगावर बारीक लव होती.

"घट धरून राहिला," उर्वशी म्हणाली. "आता हलवलं, हवा बदलली, तर हे वाळूनबी जाऊ शकते. बाकी झाड तुझं हाये. म्हणशील तर नेते."

प्रतिक्षानं खोक्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे. मी 'राहू दे' म्हटलं असतं तर तिनं कुंडी ठेवली असती, पण सासऱ्याचा मान राखायला ठेवलेलं झाड मला नको होतं.

दारात तुळसा उभी होती, हातात चहाचा ट्रे. हात धरल्याच्या दिवसापासून पहिल्यांदा त्या खोलीत आली होती. तिनं उर्वशीला विचारलं, "मले येवढं सांग बाई, हे लाल पडलं ते बिमारी हाये का नाही?"

"नाही काकू. उजेड भरपूर भेटला की हे असंच लाल होते. धान येगळं, हे येगळं."

"बिमार असतं तं ह्या हालतीत मी धाडूच दिलं नसतं," तुळसा म्हणाली. "आता तू म्हणते बरं हाये. मंग बरं हाये तं धाडाचं काहून?"

प्रतिक्षानं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला, आणि तशीच तिच्यासमोर उभी राहिली.

"आई, मी घाबरली होती. म्हणून हात धरला."

"मीबी घाबरलीच होती," तुळसा म्हणाली. "तुह्यं झाड मरते म्हणून तं मूठ भरून आणली."

मग तिनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, "याले पाणी कोणतं चालते, ते तरी सांग."

प्रतिक्षानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि सांगायला लागली. उर्वशीनं खोका दुमडला, चहाचा कप उचलला, आणि तीही ऐकत बसली.